कागद पोचेल तिथवरच पैसा

इंदुरात प्लॉट डायरीवर विकला जातो. बायपासच्या पलीकडे किंवा सुपर कॉरिडॉरच्या आसपास कुठे तरी एक शेत असते. तिथे होणाऱ्या कॉलनीचा नकाशा अजून नगर तथा ग्राम निवेश खात्याने मंजूर केलेला नसतो, रेराचा, म्हणजे स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा, नंबर आलेला नसतो. तरी एका छोट्या डायरीच्या पानावर प्लॉटचा नंबर, चौरस फुटाचा भाव आणि घेतलेली रक्कम लिहून सौदा होतो. भाव चढला की ती डायरी दुसऱ्याच्या हातात जाते, तिथून तिसऱ्याच्या. सगळे सुरळीत झाले तर शेवटच्या माणसाच्या नावाने रजिस्ट्री होते. जिल्हा प्रशासनाने या व्यवहारांवर वेळोवेळी बडगा उचलला आहे, तरी डायरी बाजारातून गेलेली नाही, कारण ती स्वस्त पडते आणि ‘भिया, कल से रेट बढ़ रहा है’ या वाक्यात अजूनही जोर आहे.

ज्याच्याकडे चार प्लॉट आहेत त्याने पाचवा डायरीवर घ्यावा की नाही, हे त्याचे तो पाहील. पहिले घर घेणाऱ्याने मात्र डायरीला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच्या हातातले पैसे त्याच्या एकट्याचे नसतात. त्यात वडिलांच्या प्रॉव्हिडंट फंडातली रक्कम असते, आईच्या पाटल्या असतात, नवरा-बायकोने लग्नापासून साठवलेले असते. हे पैसे अडकले तर पुढची दहा वर्षे भाड्याच्या घरात जातात.

या प्रकरणात मला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. घराचे पैसे टप्प्याटप्प्याने जातात आणि घराचे कागदही टप्प्याटप्प्याने येतात. कागद जिथवर पोचला असेल तिथवरच पैसा जाऊ द्यायचा. पैसा एक पाऊल जरी पुढे गेला, तरी त्या पावलापुरते तुम्ही समोरच्याच्या मर्जीवर असता.

याची किंमत इंदूरच्या लोकांनी मोजलेली आहे. गृहनिर्माण सहकारी संस्थांमध्ये सभासद होऊन, हप्ते भरून, काहींनी रजिस्ट्रीसुद्धा करून घेतलेले हजारो प्लॉट या शहरात वर्षानुवर्षे अडकून पडले. पुष्पविहार आणि अयोध्यापुरी ही त्यांतली दोन ठळक नावे. संस्थेची जमीन परस्पर तिसऱ्यालाच विकली गेल्याच्या तक्रारी आणि त्याच जमिनीवर विकास प्राधिकरणाची योजना, अशा दुहेरी कात्रीत तिथले प्लॉटधारक सापडले होते. 2021 मध्ये प्रशासनाने भूमाफियांविरुद्ध मोहीम काढली तेव्हा त्यांतल्या अनेकांना आपला प्लॉट डोळ्यांनी पाहायला मिळाला. तोवर मूळ सभासदांपैकी कित्येक जण निवृत्त झाले होते, काहींच्या जागी त्यांची मुले कागदांची पिशवी घेऊन आली होती. ही माणसे निष्काळजी नव्हती. त्यांच्याजवळ पावत्या होत्या, सभासदत्वाचे दाखले होते. पण जमिनीचा मूळ कागद काय सांगतो, हे त्यांना कुणी वाचून दाखवले नव्हते.

म्हणून सुरुवात जमिनीपासून करायची, फ्लॅट घेत असाल तरीही. इंदुरात अपार्टमेंटच्या इमारतीला सर्रास ‘मल्टी’ म्हणतात. मल्टीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅटही शेवटी कुठल्या तरी खसरा नंबरावरच उभा असतो.

पुण्या-नागपुराहून नोकरीसाठी इथे आलेल्या मराठी कुटुंबांना सातबारा माहीत असतो. त्याचे काम इथे खसरा करतो, आणि आठ-अ चे काम बी-वन. दोन्ही ‘एमपी भूलेख’ या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतात. एन.ए. ला इथे डायव्हर्शन म्हणतात, फेरफाराला नामांतरण. खसऱ्यात भूमिस्वामीचे नाव आणि रकबा सगळेच पाहतात. नजर थांबवायची ती शेवटच्या, कैफियतीच्या रकान्यावर. बँकेचा बोजा, न्यायालयाचा स्थगिती आदेश, जमीन ‘अहस्तांतरणीय’ असल्याची नोंद, हे सगळे तिथे असते. सरकारने पट्ट्याने दिलेली जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. आदिवासी भूमिस्वामीची जमीन बिगर-आदिवासीला देण्यावरही असेच निर्बंध आहेत. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, 1959 च्या कलम 165 मध्ये हे स्पष्ट लिहिले आहे. अशी परवानगी न घेता झालेला व्यवहार कितीही वर्षांनी उलटू शकतो.

माळव्यात आणखी एक गोष्ट जपून पाहावी लागते. होळकरांच्या राज्यात देवस्थानांना जमिनी लावून दिलेल्या होत्या. त्यांतल्या अनेकींच्या खसऱ्यावर आजही भूमिस्वामी म्हणून देवाचे नाव आणि व्यवस्थापक म्हणून कलेक्टर अशी नोंद असते. पुजाऱ्याच्या वंशजाने विकलेला असा तुकडा घेणाऱ्याचा कधीच होत नाही. आताच्या खसऱ्यावर खाजगी नाव दिसले तरी जुन्या नोंदी मागे जाऊन पाहायच्या, त्या याचसाठी. 1976 च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्यात गेलेल्या जमिनींचेही तसेच. कायदा रद्द झाला, पण सरकारच्या ताब्यात गेलेली जमीन सरकारचीच राहिली. ‘सीलिंग की जमीन’ हा शब्द कानावर आला तर कागद पूर्ण उलगडेपर्यंत बयाना देऊ नका.

यावर प्राधिकरणाच्या योजनांचा थर आहे. इंदूर विकास प्राधिकरण 1977 मध्ये जुन्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या जागी आले. स्कीम 54, 78, 74, 140 अशा नंबरांनीच या शहरातले पत्ते सांगितले जातात. इथे घर घेणाऱ्याने दोन प्रश्न वेगवेगळे ठेवावेत. पहिला, ही जमीन प्राधिकरणाच्या एखाद्या घोषित योजनेत येते का? येत असेल तर खाजगी माणसाकडून घेतलेल्या प्लॉटवर पुढे मंजुरी मिळेल की नाही हे योजनेवर ठरते, आणि ‘स्कीम छूट जाएगी’ हे दलालाचे आश्वासन कागद नव्हे. उत्तर प्राधिकरणाकडूनच लेखी घ्यावे. दुसरा प्रश्न प्राधिकरणानेच दिलेल्या जुन्या प्लॉटचा किंवा त्यावरच्या घराचा. असे प्लॉट बहुतेक लीजवर, तीस वर्षांच्या पट्ट्याने दिलेले आहेत. लीजची मुदत कधी संपते, नूतनीकरण झाले का, लीज रेंट थकले आहे का, फ्री होल्ड करून घेतले आहे का, ठरलेल्या मुदतीत बांधकाम न केल्याचा दंड बसला आहे का, हे सगळे विकणाऱ्याकडून आधी सोडवून घ्यायचे. रजिस्ट्रीनंतर ते तुमच्या गळ्यात पडते.

1918 मध्ये पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबाराला इंदूरच्या नगररचनेचा दोन खंडांचा अहवाल दिला होता. नगररचनेच्या अभ्यासकांमध्ये तो आजही वाचला जातो. इतक्या लवकर आराखड्याचा विचार झालेल्या शहरात आज घर घेणाऱ्याने ‘मास्टर प्लान येतोय’ या शब्दांवर पैसे द्यावेत, याचे मला वाईट वाटते. 2008 पासून लागू झालेली विकास योजना 2021 सालापर्यंतची होती. तिचे वर्ष उलटून गेल्यावरही नव्या योजनेची वाट पाहणे चालूच राहिले आणि त्या मधल्या काळात हद्दीवरच्या गावांतली शेते ‘उद्या रहिवासी होणार’ म्हणून विकली गेली. आज मंजूर असलेल्या नकाशात जमीन ज्या रंगात आहे तोच तिचा रंग. उद्याच्या रंगाचे पैसे आज देऊ नयेत.

जमीन निर्वेध निघाली, की तिच्यावर काय करायला परवानगी आहे हे पाहायचे. कॉलनीसाठी नगर तथा ग्राम निवेश खात्याचा मंजूर ले-आउट, डायव्हर्शनचा आदेश, कॉलनायझरचे, म्हणजे कॉलनी पाडणाऱ्याचे, नोंदणीपत्र आणि विकास परवानगी, आणि या सगळ्यावर रेराची नोंदणी. ले-आउटच्या नकाशावर बगिचा कुठे आहे ते बोट ठेवून पाहा आणि मग जागेवर जाऊन त्या ठिकाणी उभे राहा. तिथे प्लॉट पाडलेले दिसले तर पुढे बोलू नका.

परवानगी देताना कॉलनायझरचे काही प्लॉट नगर निगमाकडे बंधक, म्हणजे गहाण, ठेवून घेतले जातात. रस्ते, गटारे, पाणी, वीज ही कामे पूर्ण झाली की ते सुटतात. हे प्रमाण साधारण चौथ्या हिश्शाचे असते. कामे अपुरी ठेवून बंधक प्लॉटच विकून टाकण्याचे प्रकार या शहरात झालेले आहेत. तुमचा नंबर बंधक यादीत आहे का हा प्रश्न विचारायला अवघड वाटू नये. जाणता विक्रेता यादी काढून दाखवतो.

रेराचा कायदा 2016 चा, पूर्ण लागू झाला 1 मे 2017 पासून. मध्य प्रदेश हे रेरा प्राधिकरण लवकर स्थापन करणाऱ्या राज्यांपैकी एक. जमीन 500 चौरस मीटरहून जास्त किंवा घरे आठहून जास्त असतील तर नोंदणीशिवाय प्रकल्पाची जाहिरातसुद्धा करता येत नाही, आणि हे प्लॉटच्या कॉलनीलाही लागू आहे. डायरी बेकायदा ठरते ती इथेच. इंदूरच्या प्रकल्पांचे नोंदणी क्रमांक ‘पी-आयएनडी’ या अक्षरांनी सुरू होतात. तो नंबर फलकावरून उतरवून घ्या आणि रेराच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. नाव जुळते का, खसरा नंबर जुळतात का, किती घरे नोंदवली आहेत, काम कधी पूर्ण करण्याचे वचन आहे आणि ती तारीख किती वेळा पुढे ढकलली आहे. मला विचाराल तर ही शेवटची नोंद विक्री कार्यालयातल्या सगळ्या गप्पांपेक्षा मोलाची आहे.

या कायद्यातले कलम 13 प्रत्येक खरेदीदाराने पाठ करावे. नोंदवलेला विक्री करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. फ्लॅट 45 लाखांचा असेल तर करार नोंदवण्याआधी साडेचार लाखांवर एक रुपयाही नाही. ‘पच्चीस परसेंट दे दो, एग्रीमेंट बाद में’ असे कुणी म्हणाले तर तो कायदा मोडायला सांगतो आहे, आणि पैसे तुमचे जाणार आहेत. ज्यांना हे कलम माहीत आहे असे लोकही संकोचाने गप्प राहतात. ओळखीतून आलेला बिल्डर असतो, मामांच्या मित्राचा मुलगा असतो. ओळख असेल तर करार लवकर व्हायला हवा.

करार हातात आला की तीन गोष्टी पाहा. क्षेत्रफळ कार्पेटमध्ये लिहिले आहे का. रेराप्रमाणे कार्पेट म्हणजे घराच्या आतले वापरण्याजोगे क्षेत्र. आतल्या भिंती त्यात धरल्या जातात, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरली जात नाही. समजा, 45 लाखांचा फ्लॅट 1,250 चौरस फूट सुपर बिल्टअप म्हणून सांगितला तर भाव 3,600 रुपये फूट वाटतो. त्याचे कार्पेट 850 भरले तर खरा भाव सुमारे 5,300 पडतो. दोन मल्टींची तुलना या दुसऱ्या आकड्यावरच करायची. मग ताब्याची तारीख आणि उशीर झाल्यास व्याज. कलम 18 प्रमाणे उशीर झाला तर पैसे व्याजासह परत मागता येतात, किंवा घर हवेच असेल तर ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज मिळते. करारात याच्या विरुद्ध काही लिहून घेतले असेल तर सही करण्याआधी ते काढायला लावा. तिसरी गोष्ट दोषांची: ताब्यानंतर पाच वर्षांच्या आत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरने तो विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. गळती, भेगा लेखी कळवा, फोटो काढून ठेवा. रेराकडे तक्रार करता येते, आदेशही मिळतात. पण आदेशातल्या रकमेची वसुली महसुली थकबाकीसारखी कलेक्टर कचेरीतून व्हावी लागते आणि तिथे वेळ जातो. म्हणून रेराचा उपयोग खरेदीनंतरच्या भांडणापेक्षा खरेदीआधीच्या तपासणीसाठी जास्त आहे.

आता जुन्या घरांविषयी. रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, सुदामा नगर या भागांत आजी-आजोबांच्या काळची मराठी घरे आहेत आणि ती अधूनमधून विक्रीला येतात. बाजार, शाळा, दवाखाना पायी अंतरावर, आणि शेजार ओळखीचा. पहिल्या घरासाठी मला ही घरे फार आवडतात. पण इथे प्रश्न वारसांचा. आजोबांच्या नावावरचे घर एक मुलगा विकत असेल तर बाकी भावांच्याच नव्हे, बहिणींच्याही सह्या हव्यात. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच हक्क 9 सप्टेंबर 2005 च्या दुरुस्तीने मिळाला, आणि वडील तेव्हा हयात नसले तरी तो लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात स्पष्ट केले. ‘ताई पुण्यात आहे, तिचे काही म्हणणे नाही’ हे ऐकून घ्यावे आणि ताईंचा नोंदवलेला हक्कत्याग मागावा, किंवा त्यांना रजिस्ट्रीत विक्रेत्या म्हणून उभे करावे.

नोटरीवर आणि मुखत्यारपत्रावर विकली जाणारी घरे हा वेगळाच धोका. अनधिकृत वस्त्यांमध्ये हे फार चालते, कारण तिथे रजिस्ट्री होत नाही किंवा महाग पडते. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात सांगितले की मुखत्यारपत्रावर, करारावर किंवा मृत्युपत्रावर मालकी हस्तांतरित होत नाही. त्यासाठी नोंदवलेले विक्रीपत्रच लागते. वस्ती पुढे सरकारने नियमित केली तरी रस्ते, वीज मिळतील, पण विकणाऱ्याकडे मालकी नव्हती ही उणीव त्याने भरून निघत नाही.

पैशाचे गणित इथे मांडून दाखवतो, कारण बहुतेक तरुण जोडपी फक्त हप्ता पाहतात आणि हातातून जाणारी पहिली रक्कम कमी धरतात. मध्य प्रदेशात शहरी भागात स्टँप ड्यूटी आणि नोंदणी शुल्क मिळून खर्च साडेबारा टक्क्यांच्या घरात जातो. महाराष्ट्रातून आलेल्यांना हा आकडा धक्का देतो. घर महिलेच्या नावावर घेतले तर 2021 पासून नोंदणी शुल्क तीनऐवजी एक टक्का आहे. हा हिशेब तुमच्या किमतीवर किंवा कलेक्टर गाइडलाइनवर, दोन्हींत जे जास्त असेल त्यावर होतो. 45 लाखांच्या घरावर पुरुषाच्या नावाने सुमारे 5 लाख 62 हजार, महिलेच्या नावाने सुमारे 4 लाख 72 हजार. नव्वद हजारांचा फरक आहे आणि घर बायकोच्या नावावर असण्यात त्यापलीकडेही चांगले आहे.

बँक काय देते? रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या 90 टक्के, 30 ते 75 लाखांच्या कर्जाला 80 टक्के, त्यावर 75 टक्के, आणि मोठ्या घरांच्या बाबतीत स्टँप व नोंदणीचा खर्च या किमतीत धरला जात नाही. म्हणजे 45 लाखांच्या घराला कर्ज जास्तीत जास्त 36 लाख. स्वतःचे 9 लाख, रजिस्ट्रीचे साडेपाच लाख, बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी, वकील, वीज मीटर, पंखे, खिडक्यांच्या जाळ्या. पंधरा-सोळा लाख रुपये स्वतःचे असल्याशिवाय हे घर परवडत नाही. हा आकडा पूर्ण होत नसेल तर वैयक्तिक कर्ज काढून भर घालू नका. एक-दोन वर्षे थांबा किंवा लहान घर पाहा.

जीएसटीचे एक कुंपण लक्षात घ्या. इंदूरसारख्या बिगर-महानगर शहरात 90 चौरस मीटरपर्यंत कार्पेट आणि 45 लाखांपर्यंत किंमत असलेल्या बांधकामाधीन घराला एक टक्का कर, त्याहून मोठ्या किंवा महाग घराला पाच टक्के. या 45 लाखांत पार्किंग, क्लब, विकास शुल्क सगळे धरले जाते. फ्लॅट 44 लाखांचा आणि पार्किंग दोन लाखांचे असेल तर घर या सवलतीबाहेर जाते आणि कर पंचेचाळीस हजारांच्या आसपासवरून सव्वादोन लाखांपुढे जातो. कम्प्लीशन मिळालेल्या तयार घरावर आणि जुन्या घराच्या खरेदीवर जीएसटी नाही. किंमत 50 लाख किंवा जास्त असेल तर एक टक्का टीडीएस कापून भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची, हेही पुष्कळांना नोटीस आल्यावर कळते.

36 लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षे. हप्ता सुमारे 31,240 रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले 25,500 व्याजाला जातात आणि मुद्दल फक्त 5,740 रुपयांनी कमी होते. वीस वर्षांत एकूण सुमारे 75 लाख भरले जातात. दरवर्षी एक हप्ता जास्तीचा भरला तर हेच कर्ज साधारण साडेसोळा वर्षांत संपते आणि जवळजवळ आठ लाख रुपये वाचतात. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीआधी भरण्याचा दंड घेता येत नाही, तेव्हा दिवाळीचा बोनस तिथे टाका. हप्ता घरखर्चाला पेलेल की नाही हे पाहायची एक सोपी रीत आहे: घर ठरवण्याआधी सहा महिने, हप्त्यातून भाडे वजा करून उरणारी रक्कम वेगळ्या खात्यात टाकत राहा. सहाव्या महिन्यात ते खाते हलले नसेल तरच पुढे जा.

वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत असेल आणि देशात कुठेही कुटुंबाच्या नावाने पक्के घर नसेल तर प्रधानमंत्री आवास योजना शहरी 2.0 पाहा. 1 सप्टेंबर 2024 पासूनच्या या योजनेत 35 लाखांपर्यंतच्या घराला, 25 लाखांपर्यंतच्या कर्जावर, पहिल्या आठ लाखांवर चार टक्के व्याज अनुदान मिळते. एकूण लाभ 1 लाख 80 हजारांपर्यंत, पाच वार्षिक हप्त्यांत. सरकारी घरांना नाक मुरडणाऱ्यांनी कनाडियाकडचा लाइट हाउस प्रकल्प जाऊन पाहावा. देशातल्या अशा सहा प्रकल्पांपैकी एक इंदुरात झाला. तिथे कारखान्यात तयार केलेल्या सँडविच पॅनेलच्या भिंती वापरून 1,024 घरे बांधली आहेत.

किमतीचा काही भाग रोख मागितला जाईल. देऊ नका. घराच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणे आयकर कायद्याला मान्य नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे रोख दिलेल्या रकमेचा तुमच्याजवळ कागद नसतो. सौदा मोडला तर ती परत मागता येत नाही, रेरापुढे दाखवता येत नाही, आणि पुढे घर विकताना खरेदी किमतीतही धरता येत नाही.

जागा पाहायला उन्हाळ्यात जा. नर्मदेचे पाणी 1978 मध्ये जलूदहून, सुमारे सत्तर किलोमीटरवरून, इंदुरात आले आणि शहराची वाढ त्यावर झाली. पण नवीन कॉलन्या पाइपलाइनच्या पुढे धावतात. 2014 मध्ये आणखी 29 गावे नगर निगमात आली. हद्दीवरच्या अनेक टाउनशिप बोअर आणि टँकरवर चालतात. मे महिन्यात सकाळी सात वाजता गेटपाशी टँकर उभा दिसला तर तोच त्या टाउनशिपचा पाणीपुरवठा आहे. आत राहणाऱ्या बाईंना विचारा, टँकरचे पैसे महिन्याला किती पडतात, आणि ते हप्त्यात मिळवा. विजेचे मीटर कायमचे आहे की अस्थायी, हेही त्यांनाच विचारा. कॉलनायझरने वीज कंपनीची कामे पूर्ण केली नसतील तर रहिवासी कित्येक वर्षे अस्थायी कनेक्शनचे चढे दर भरत बसतात.

मल्टीत गेलात तर जिना पाहा. 7 मे 2022 च्या पहाटे विजय नगर भागातल्या स्वर्णबाग कॉलनीत एका इमारतीला आग लागली आणि सात माणसे गेली. खाली गाड्या, तिथेच मीटर, आणि वर जाणारा एकच जिना, अशी रचना इंदुरात शेकडो लहान मल्टींची आहे. फरशी आणि मॉड्युलर किचन पाहायला अर्धा तास देणाऱ्याने जिन्याला पाच मिनिटे द्यावीत. असा जिना असलेले घर स्वस्त मिळाले तरी मी ते घेण्याचा सल्ला देणार नाही.

रजिस्ट्री आता राज्य सरकारच्या ‘संपदा’ या ऑनलाइन प्रणालीवर होते. तिची दुसरी आवृत्ती 10 ऑक्टोबर 2024 ला सुरू झाली. सर्व्हिस प्रोव्हायडर दस्त तयार करून देतो, पण तो टंकलेखनाचे काम करतो, तपासणीचे नाही. मसुदा आदल्या दिवशी मागून घ्या. चतु:सीमा, खसरा नंबर, क्षेत्रफळ, पार्किंगचा नंबर, चेक क्रमांक स्वतः वाचा. बँकेच्या वकिलाने शोध घेतला आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तो बँकेचे पैसे सुरक्षित आहेत का हे पाहतो. स्वतःचा वकील लावा, तीस वर्षांचा शोध लेखी घ्या. 45 लाखांच्या व्यवहारात त्याची फी नगण्य आहे, आणि घरखरेदीतल्या सगळ्या खर्चांत हा एकच खर्च मी कधीही कमी करू देणार नाही.

रजिस्ट्री झाली की पेढे वाटून लोक थांबतात. नामांतरण राहून जाते. तहसिलीतले नामांतरण वेगळे आणि नगर निगमाच्या संपत्तिकर खात्यातले वेगळे, दोन्ही करून घ्यायची. फ्लॅट असेल तर रहिवासी संघाकडून देणे नसल्याचा दाखला आणि वीज जोडणीवर नाव. मूळ रजिस्ट्री बँकेत जाते. जाण्याआधी प्रत्येक पानाची प्रत काढा आणि बँकेने कोणते कागद घेतले त्याची सही-शिक्क्याची यादी घ्या. कर्ज पूर्ण फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत देणे आणि बोजा उतरवणे बँकेला बंधनकारक आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला 5,000 रुपये भरपाई तिने द्यायची, हा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 डिसेंबर 2023 पासून लागू आहे. त्या दिवशी ती यादी बरोबर घेऊन जा आणि प्रत्येक कागद तिच्याशी ताडून मगच सही करा.